रात्रपाळीचा तक्ता

तपासणीसबाई आल्या मंगळवारी,
ओली छत्री कुठं ठेवू, विचारत.
त्यांच्या कागदावर एक रकाना होता: नेतृत्व.
मला म्हणाल्या, इथली मॅनेजर कशी आहे?
मी म्हणाले, बरी आहे.
माझं इंग्रजी अशा वेळी आखडतं
रात्रभर जिने चढलेल्या गुडघ्यासारखं.

सांगायचं होतं ते असं:

कंब्रियाच्या किनाऱ्यावरचं हे घर.
आधीच्या साहेबांच्या दारावर पितळी पाटी होती
आणि दार बंद.
आत भिंतीवर तीन प्रमाणपत्रं चौकटीत,
बाहेर एकतीस म्हातारी माणसं,
सहा नंबरच्या खोलीत गळकं छत, खाली बादली.
काही चुकलं की खापर फोडायला
सगळ्यात कमी पगाराचं डोकं शोधलं जायचं.
ते नाही सापडलं तर पांघरूण.
पांघरुणांची कधी वाण नव्हती त्या घरात,
माणसं मात्र कुडकुडायची.

मग लोरेन टेलफर आली.
पहिल्या सकाळी तिनं लापशी चाखली,
तोंड वाकडं केलं आणि तडक स्वयंपाकघरात गेली.
माणसं उचलायच्या यंत्राच्या चाकाला
गुडघ्यांवर बसून तेल घातलं.
ते अजून कुरकुरतं.
देवी वगैरे नाही ती.
कपात चमचा राहिला तर ओरडते,
बोलताना पाणउतारा करते कधी, मग बिस्किटं आणते.
लंडनच्या कंपनीशी फोनवर भांडते
आणि बहुतेक वेळा हरते.

नोव्हेंबरातली रात्र.
आम्ही दोघीच, अडाएझे आणि मी.
वर घंटी, खाली घंटी,
न्हाणीघरात कुणीतरी पडलेलं,
आणि मी विल्फ्रेड ॲस्क्यूंच्या तळव्यावर
शेजारच्या ट्रेमधल्या गोळ्या ठेवल्या.
त्यांनी गिळल्या.
म्हणाले, थँक यू, इलिंका.
इथं माझं नाव नीट उच्चारणारा तो एकच माणूस.

आधी डॉक्टरांना फोन, मग तिला.
तीन वाजायच्या आत ती आली,
कोटाखाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा,
पायांत दोन जोड्यांतला एकेक बूट.
मला एक शब्द बोलली नाही.
त्यांच्या उशाशी बसली मनगट धरून,
समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीतल्या
त्याच त्या गोष्टी ऐकत,
उजाडेपर्यंत.

मुलीला फोन तिनंच लावला.
मी दारात उभी.
'आमच्याकडून चूक झाली,' ती म्हणाली.
आमच्याकडून.
ब्राइलाहून आले त्याला अकरा वर्षं झाली;
या देशात अशा एखाद्या शब्दात
मला कुणी धरलं नव्हतं.

बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते.
तिनं रात्रपाळीचा तक्ता टेबलावर पसरला,
एकतीस माणसं, दोन नावं, खाली सही.
सहीवर बोट ठेवलं.
'ही कुणाची?'
कुणी बोललं नाही.
तिचीच होती.

तेव्हापासून तक्त्यात तिसरं नाव असतं.
कंपनीचे पैसे यायचेत अजून,
म्हणून शुक्रवारी, शनिवारी ते नाव तिचं.

आणि हे तर मी बाईंना सांगितलंच नसतं,
कामावर झोपणं गुन्हा आहे:
गेल्या शनिवारी पहाटे चारला
वारा खिडक्या खडखडवत होता,
ती दिवाणखान्यातल्या खुर्चीत, तोंड उघडं,
मांडीवर अर्धवट भरलेला औषधांचा हिशेब.
हेस्टर थ्रेलकेल्ड, वय त्र्याण्णव,
स्वतःचं नाव जिला कधी आठवतं, कधी नाही,
वॉकर टेकत टेकत आली,
खांद्यावरची लोकरी शाल काढली,
तिच्यावर घातली,
कडा आत खोचल्या, लेकराच्या खोचाव्यात तशा.
मग माझ्याकडे वळून
ओठांवर बोट.

अहवाल अजून आला नाही.
बाई छत्री विसरून गेल्यात.
तिच्या मुठीला चिठ्ठी बांधलेली आहे:
मालकिणीला कळवायचं राहिलंय.
आणि त्याखाली, घाईच्या अक्षरात,
मी कळवते. लो.